ताऱ्यांचे पहारेकरी

महाराष्ट्राच्या ईशान्य कोपऱ्यात, गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगड नावाचे एक डोंगरी स्थान आहे. मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया मागे टाकून छत्तीसगडच्या सीमेकडे वळतो, तेव्हा वाटेत दरेकसा हे लहानसे स्थानक लागते. तेथून जवळच, अरण्याने वेढलेल्या डोंगरात, कचारगडच्या विशाल नैसर्गिक गुहा आहेत. गोंड समाजाचे हे परमपवित्र क्षेत्र होय. येथील गुहेत कोंडून पडलेल्या बालकांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी मुक्त केले, अशी गोंडी परंपरा आहे. दर वर्षी माघ पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून भाविक डोंगर चढून दर्शनास येतात.

यात्रा संपली, पालखी परतली, दुकाने उठली, की हा परिसर पुन्हा शांत होतो. मोठ्या शहरांच्या दिव्यांचा झगमगाट येथून दूर आहे. म्हणून अमावास्येच्या आसपासच्या निरभ्र रात्री येथील आकाश ताऱ्यांनी गच्च भरलेले दिसते. उत्तरेस क्षितिजापासून सुमारे एकवीस अंशांवर ध्रुवतारा स्थिर उभा असतो. हिवाळ्यात डोक्यावर मृग येतो आणि त्याच्या मागोमाग व्याध चढतो.

या प्रदेशातील लोकांना हे आकाश नवे नाही. ज्याला घड्याळ नव्हते, त्याने रात्रीचे प्रहर ताऱ्यांवरून मोजले. ज्याच्या घरी पंचांग नव्हते, त्याने पेरणीचा काळ नक्षत्रांवरून ओळखला. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत खेड्यापाड्यांतील लोक म्हातारीची बाज पाहतात आणि शेपटाच्या तीन ताऱ्यांना ती बाज पळवू पाहणारे चोर म्हणतात. गोंड समाजाचे आकाशाविषयीचे हे ज्ञान अभ्यासण्यासाठी दोन संशोधकांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश येथील सुमारे पंधरा गोंड गावांतून माहिती गोळा केली. त्यांचा लेख २०१३ साली प्रसिद्ध झाला. गोंडांची आकाशाकडे पाहण्याची दृष्टी स्वतंत्र आहे, असे त्यांना आढळून आले.

आकाश वाचणाऱ्या या सर्वांचा एका गोष्टीवर विश्वास होता. तारे उगवतात, मावळतात. परंतु त्यांचे रूप पालटत नाही, असे ते समजत. कालचा तारा आजही तसाच तेजस्वी असणार आणि आजोबांनी पाहिलेला तारा नातवालाही तसाच दिसणार, अशी त्यांची खात्री असे. सामान्य मनुष्यच काय, मोठमोठे विद्वानही शतकानुशतके असेच मानीत आले. हा समज खरा होता काय?

समजाला पहिला तडा

इसवी सन १५९६ च्या ऑगस्ट महिन्यात डेव्हिड फाब्रिशियस नावाचा एक धर्मोपदेशक उत्तर युरोपात आकाशाचे निरीक्षण करीत होता. दुर्बिणीचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. तिमिंगल नावाच्या तारकासमूहात त्याला एक ठळक तारा दिसला. काही आठवड्यांनी तो मंद होत गेला आणि शेवटी दिसेनासा झाला. पुढे हा तारा पुन्हा प्रकट झाल्याचे आढळले. त्याला मायरा, म्हणजे ‘अद्भुत’, असे नाव मिळाले. सुमारे ३३२ दिवसांत त्याचे एक आवर्तन पुरे होते. आज तो डोळ्यांना सहज दिसतो. काही महिन्यांनी तो इतका मंदावतो की, दुर्बिणीवाचून त्याचा पत्ता लागत नाही.

ज्यांचे तेज असे कमीअधिक होते, त्या ताऱ्यांना रूपविकारी तारे असे म्हणतात.

या ताऱ्यांच्या इतिहासात एका तरुणाचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. जॉन गुडरिक हा इंग्लंडमधील यॉर्क गावी राहणारा मुलगा. बालपणी झालेल्या आजारात त्याची श्रवणशक्ती गेली होती. जगातील आवाज त्याला ऐकू येत नसत. परंतु त्याची दृष्टी तीक्ष्ण होती आणि मन एकाग्र होते. १७८२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ययाति तारकासमूहातील अल्गोल या ताऱ्याकडे तो रोज रात्री पाहू लागला. नेहमी ठळक असणारा हा तारा ठराविक काळाने काही तास मंद होतो आणि पुन्हा पूर्ववत् होतो, हे त्याने नोंदविले. त्याने काळ मोजला. तो सुमारे २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटे एवढा भरला. दर वेळी तेवढाच!

गुडरिकने यावर विचार केला आणि एक तर्क मांडला. अल्गोलभोवती दुसरा एखादा मंद गोल फिरत असावा आणि तो मध्ये आला, की अल्गोलला ग्रहण लागत असावे, असा तो तर्क होता. सुमारे शंभर वर्षांनी, १८८९ साली, हा तर्क खरा असल्याचे सिद्ध झाले. १७८४ मध्ये गुडरिकने वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा या ताऱ्याचेही तेज सुमारे सव्वापाच दिवसांच्या आवर्तनाने पालटते, असे दाखविले. १७८६ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. लहानशा आयुष्यात त्याने आकाशाचे एक नवे दालन उघडले.

तेज का पालटते?

रूपविकारी ताऱ्यांच्या तेजात बदल होण्याची कारणे एकसारखी नसतात. अल्गोल हे ग्रहणाचे उदाहरण होय. तेथे दोन तारे परस्परांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याला आळीपाळीने झाकतो.

मायरा आणि वृषपर्व्यातील डेल्टा या ताऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कोणी झाकीत नाही. श्वास घेताना छाती फुगावी आणि सोडताना आकसावी, त्याप्रमाणे हे तारे स्वतःच प्रसरण पावतात आणि आकुंचित होतात. त्याबरोबर त्यांचे तापमान आणि तेज बदलते.

तिसरा प्रकार स्फोटांचा आहे. काही ठिकाणी दोन तारे परस्परांच्या अगदी निकट असतात. त्यांतील एका ताऱ्याचा वायू दुसऱ्यावर ओढला जातो, साचतो आणि एके दिवशी त्याचा भडका उडतो. जेथे काल काहीच दिसत नव्हते, तेथे आज ठळक तारा झळकू लागतो. अशा ताऱ्याला नवतारा म्हणतात. वस्तुतः तो नवा नसतो; पूर्वी तो आपल्या दृष्टीस पडत नव्हता, एवढेच.

या बदलांच्या अभ्यासातून केवढे ज्ञान मिळाले, याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाची विदुषी ताऱ्यांची छायाचित्रे तपाशीत असे. वृषपर्व्यातील डेल्टासारख्या ताऱ्यांचे आवर्तन जितके दीर्घ, तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी, हा नियम तिने १९१२ साली निश्चित केला. त्यामुळे ताऱ्याचे आवर्तन मोजले, की त्याचे खरे तेज कळू लागले; आणि खरे तेज व दिसणारे तेज यांची तुलना केली, की त्याचे अंतर काढता येऊ लागले. १९२३ साली एडविन हबल या शास्त्रज्ञाला देवयानी तारकासमूहातील एका अंधुक प्रकाशपुंजात असा एक तारा सापडला. त्याच्या आवर्तनावरून अंतर काढले, तेव्हा तो आपल्या आकाशगंगेच्या पलीकडे असल्याचे दिसून आले. म्हणजे तो प्रकाशपुंज ही एक स्वतंत्र आकाशगंगाच होती. एका लहानशा ताऱ्याच्या चढउताराने मनुष्याच्या विश्वाची सीमा अशी दूर सरकली.

रोज रात्री कोण पाहणार?

परंतु येथे एक अडचण उभी राहिली. रूपविकारी ताऱ्याचे रहस्य एका रात्रीत उलगडत नाही. मायराचे एक आवर्तन पाहण्यास अकरा महिने लागतात. काही तारे वर्षानुवर्षे शांत असतात आणि अचानक उसळतात. असे तारे थोडेथोडके नाहीत. मोठ्या वेधशाळांतील दुर्बिणींना अनेक कामे असतात. एकाच ताऱ्याकडे रोज पाहण्यास त्यांना सवड नसते. शिवाय एका ठिकाणी ढग असले किंवा दिवस असला, की तेथील निरीक्षण थांबते. तारा मात्र कोणासाठी थांबत नाही. जी रात्र नोंद न होता गेली, ती कितीही धन खर्चिले तरी परत मिळत नाही.

मग ही पहाऱ्याची कामगिरी कोणी करावी? ती हौशी निरीक्षकांनी अंगावर घेतली. हौशी निरीक्षक म्हणजे पोटासाठी दुसरा उद्योग करणारी आणि आवडीसाठी आकाश पाहणारी माणसे. १९११ साली अमेरिकेत विल्यम टायलर ऑल्कट या वकिलाच्या पुढाकाराने रूपविकारी तारे पाहणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला. त्याच्याकडे देशोदेशींच्या शिक्षकांनी, कारकुनांनी, वैद्यांनी, विद्यार्थ्यांनी आपली निरीक्षणे पाठविण्यास आरंभ केला. आज त्या संग्रहात कोट्यवधी नोंदी जमा झाल्या आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही आकाशनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती नावारूपास आणली. तेथील वीस इंच व्यासाची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे दक्षिणेस कोडाईकनाल येथे गेली. सरकारी वेधशाळा गेली. तरी लोकांची आकाशाची ओढ गेली नाही. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यातच ‘ज्योतिर्विद्या परिसंस्था’ स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही भारतातील सर्वांत जुनी संस्था होय.

कोषागारातील निरीक्षक

रूपविकारी ताऱ्यांच्या पहाऱ्यात भारताचे नाव ज्यांनी जगभर नेले, ते मात्र बंगालमधील एक साधे कर्मचारी होते. त्यांचे नाव राधागोविंद चंद्र. त्यांचा जन्म १८७८ साली जेसोर शहराजवळील बागचर या गावी झाला. हे ठिकाण आज बांगलादेशात आहे. शाळेत असताना त्यांचे चित्त पुस्तकांपेक्षा आकाशात अधिक रमे. प्रवेश परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले. अखेर जेसोरच्या सरकारी कोषागारात त्यांना नाणी पारखण्याची साधी नोकरी मिळाली. दिवसा खरे नाणे कोणते व खोटे कोणते, हे ते पाहत. रात्री तारे पाहत.

१९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्यांनी लहानशा द्विनेत्रीने त्याचे निरीक्षण केले. पुढे १९१२ मध्ये त्यांनी तीन इंच व्यासाची एक दुर्बीण मिळविली. अल्प वेतनाच्या मनुष्यास ही गोष्ट सोपी नव्हती. १९१८ च्या जून महिन्यात गरुड तारकासमूहात एक नवतारा झळकला. राधागोविंदांना आकाशाचा तो भाग तोंडपाठ होता. म्हणून तेथे आलेला पाहुणा त्यांनी तत्काळ ओळखला. त्यांनी त्याची माहिती हार्वर्ड वेधशाळेला कळविली. त्यातून अमेरिकेतील निरीक्षक संघाशी त्यांचा संबंध जडला.

त्यानंतर राधागोविंदांची लेखणी थांबली नाही. आकाश निरभ्र असले, की ते दुर्बिणीपाशी बसत, एकेका ताऱ्याचे तेज अजमावीत आणि ते कागदावर उतरवीत. त्यांची निरीक्षणे इतकी भरवशाची होती की, १९२६ साली त्या संघाने सव्वासहा इंच व्यासाची दुर्बीण समुद्रापलीकडून त्यांच्याकडे पाठविली. परीक्षेत तीनदा अपयश आलेल्या मनुष्याच्या अंगणात जगाच्या दुसऱ्या टोकाहून विश्वासाने दुर्बीण येते, ही गोष्ट लहान नव्हे. तो विश्वास त्यांनी पदवीवर मिळविला नव्हता. त्यांच्या वहीतील प्रत्येक प्रामाणिक आकड्याने तो मिळविला होता.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. त्या धामधुमीत राधागोविंदांना आपले गाव सोडावे लागले आणि ते पश्चिम बंगालमधील बारासात येथे येऊन राहिले. घर सुटले, परिस्थिती हलाखीची झाली. तरीही निरीक्षण सुटले नाही. १९५४ पर्यंत त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या. पुढे ती दुर्बीण वेणु बाप्पू या थोर भारतीय खगोलशास्त्रज्ञांकडे सुपूर्द झाली. १९७५ साली राधागोविंदांचे निधन झाले. त्यांच्या नोंदी मात्र आजही संशोधकांच्या उपयोगी पडतात.

डोळ्यांनी तेज कसे मोजतात?

ताऱ्यांचे तेज सांगण्यासाठी ‘प्रत’ हे माप वापरतात. प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा अधिक तेजस्वी. पहिल्या प्रतीचा तारा दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्याहून सुमारे अडीच पट तेजस्वी असतो. काळोख्या जागी सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात.

मृगाच्या चौकोनातील काक्षी हा तांबूस तारा रूपविकारी आहे. त्याचे तेज पुढीलप्रमाणे अजमावता येते. प्रश्वा या ताऱ्याची प्रत ०.४ आहे आणि रोहिणीची सुमारे ०.९ आहे. काक्षी प्रश्वेहून मंद आणि रोहिणीहून तेजस्वी दिसला, तर त्याची प्रत या दोहोंच्या दरम्यान असली पाहिजे. तो प्रश्वेच्या जवळ आहे की रोहिणीच्या, याचा विचार करून ०.५, ०.६ किंवा ०.७ असा आकडा लिहावा. सोबत दिनांक, वेळ, तुलनेसाठी घेतलेले तारे आणि आकाशाची स्थिती नोंदवावी. एवढे केले, की एक निरीक्षण पुरे झाले.

हे काम दिसते सोपे. परंतु त्यात काही पथ्ये पाळावी लागतात. डोळ्यांना काळोखाची सवय होण्यासाठी अर्धा तास तरी उजेडापासून दूर राहावे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये. कारण टक लावल्यास तो आहे त्याहून अधिक तेजस्वी भासू लागतो. क्षितिजालगतच्या ताऱ्याचा प्रकाश हवेत अधिक शोषला जातो. म्हणून तुलना शक्यतो सारख्या उंचीवरील ताऱ्यांशी करावी.

सर्वांत कठीण पथ्य मनाचे आहे. कालच्या नोंदीत ०.६ लिहिले आहे, म्हणून आजही ०.६ लिहावे, असा मोह होतो. दुसऱ्या कोणी ०.५ लिहिल्याचे कळले, की आपलेच चुकले असावे, अशी शंका येते. खऱ्या निरीक्षकाने असा मोह बाजूला सारला पाहिजे. आज जे दिसले, तेच लिहावे. जे दिसायला हवे होते, ते लिहू नये. आभाळ आले आणि तारा दिसला नाही, तर रकाना मोकळा ठेवावा. अंदाजाने भरू नये. एका निरीक्षकाच्या नोंदीत प्रतीच्या दशांश-दोन दशांशांची चूक राहू शकते. परंतु अनेकांनी एकमेकांचे न पाहता प्रामाणिकपणे नोंदी केल्या, तर त्यांच्या सरासरीत त्या चुका बऱ्याच अंशी परस्परांना छेद देतात आणि ताऱ्याच्या तेजाची खरी रेषा उमटते. सर्वांनी एकमेकांचे आकडे उतरून घेतले, तर मात्र शंभर नोंदींची किंमतही एकाच नोंदीएवढी उरते.

साध्या डोळ्यांचे मोल

आता संगणक आहेत, स्वयंचलित दुर्बिणी आहेत आणि अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीही आहेत. मग साध्या डोळ्यांनी पाहणाऱ्याची गरज संपली काय? दोन घटना याचे उत्तर देतात.

२००० साली अर्जेंटिनातील सेबास्टियन ओतेरो या हौशी निरीक्षकाने वृश्चिकाच्या तोंडाशी असलेल्या, अनुराधा नक्षत्रातील डेल्टा या ताऱ्याकडे पाहिले. हा तारा २.३ प्रतीचा, स्थिर तेजाचा म्हणून प्रसिद्ध होता. ओतेरोला तो नेहमीपेक्षा ठळक वाटला. त्याने केवळ डोळ्यांनी शेजारच्या ताऱ्यांशी तुलना केली आणि शंका खरी ठरली. त्या ताऱ्याभोवती वायूचे कडे निर्माण होत होते आणि त्यामुळे त्याचे तेज वाढत होते. एवढा ठळक तारा जगातील असंख्य लोकांच्या दृष्टीस रोज पडत होता. पण पाहणे आणि निरखणे यांत अंतर असते.

दुसरी घटना काक्षीची. २०१९ च्या अखेरीस हा तारा झपाट्याने मंदावू लागला. २०२० च्या फेब्रुवारीत त्याची प्रत सुमारे १.६ पर्यंत उतरली. त्याचे तेज नेहमीच्या तेजाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आले होते. तारा आता फुटणार काय, अशी चर्चा जगभर सुरू झाली. अशा वेळी हे मंदावणे नेहमीचे की असाधारण, हे ठरवायचे कसे? हौशी निरीक्षकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ केलेल्या नोंदी त्या वेळी कामी आल्या. त्यांच्याशी ताडून पाहता ही घटना असामान्य असल्याचे स्पष्ट झाले. पुढे शास्त्रज्ञांना असे आढळून आले की, ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धुळीचा ढग तयार झाला होता, ताऱ्याच्या पृष्ठाचा एक भाग थंडावला होता आणि त्या ढगाने प्रकाश अडविला होता. काक्षी पुन्हा उजळला.

मोठ्या दुर्बिणी अतिमंद ताऱ्यांसाठी घडविलेल्या असतात. काक्षीसारख्या तेजस्वी ताऱ्यासमोर त्यांच्या छायाचित्रकांचे डोळे दिपतात. म्हणून ठळक ताऱ्यांचा पहारा अद्यापही बऱ्याच अंशी हौशी माणसांकडे आहे. मंद ताऱ्यांच्या बाबतीतही मोठ्या वेधशाळा त्यांचे साहाय्य घेतात. हबलने देवयानीत शोधलेल्या त्याच ताऱ्याकडे हबलच्याच नावाची अवकाश दुर्बीण वळवायची होती, तेव्हा त्या ताऱ्याचे आवर्तन आधी नेमके कळणे आवश्यक होते. २०१० साली हौशी निरीक्षकांनी आपल्या दुर्बिणींनी तो पाहून ती माहिती पुरविली. जगातील एका श्रेष्ठ दुर्बिणीला लहान दुर्बिणींनी वाट दाखविली!

असा पहारा देण्यास कचारगडचे आकाश अतिशय अनुकूल आहे. माघ महिन्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरी तेथे मृग उंच आलेला असतो. वायव्येस ययाति आणि त्यातील अल्गोल दिसतो. पश्चिमेकडे तिमिंगल कललेला असतो. मायराच्या तेजाचे दिवस असतील, तर तोही ओळखता येतो. पौर्णिमेच्या चांदण्यात मंद तारे लोपतात हे खरे. परंतु त्या रात्री चंद्र मघा नक्षत्राच्या आसपास, म्हणजे मृगापासून बराच दूर असतो. त्यामुळे यात्रेच्या रात्रीही काक्षी, प्रश्वा व रोहिणी यांची तुलना करण्यास अडचण पडत नाही. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, पैसा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि नित्यनेम, एवढेच साहित्य पुरते.

एका रात्रीचा एक आकडा फार क्षुल्लक वाटतो. त्याने कोणताही शोध लागत नाही आणि कोणी पाठ थोपटीत नाही. परंतु असे आकडे वर्षामागून वर्ष, माणसामागून माणूस, न चुकता आणि न भेसळ करता साठत गेले, म्हणजे त्यांतून ताऱ्याचे जीवन उलगडते. धान्याची रास एकेका कणानेच होते. ज्ञानाचीही तशीच होते. राधागोविंद चंद्र यांनी आपला वाटा त्या राशीत घातला. ती रास अजून पुरी झालेली नाही.

स्वाध्याय

१. रूपविकारी तारे कशास म्हणतात? त्यांचे तेज पालटण्याची तीन कारणे उदाहरणांसह सांगा.

२. जॉन गुडरिकने अल्गोलविषयी कोणता तर्क मांडला?

३. ‘तो विश्वास त्यांनी पदवीवर मिळविला नव्हता.’ या वाक्यातील विश्वास कोणता, तो कोणी कोणावर ठेवला आणि कशामुळे, ते स्पष्ट करा.

४. ‘पाहणे’ आणि ‘निरखणे’ यांतील भेद पाठातील प्रसंगाच्या आधारे लिहा.

५. सर्वांनी एकमेकांचे आकडे उतरून घेतले, तर नोंदींची किंमत का कमी होते? आठ-दहा ओळींत उत्तर लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : आवर्तन, निरभ्र, नित्यनेम, हलाखी, तत्काळ.

७. उपक्रम : हिवाळ्यातील दहा निरभ्र रात्री काक्षीची प्रश्वा व रोहिणी यांच्याशी तुलना करा. प्रत्येक रात्रीची नोंद स्वतंत्रपणे करा. दहा रात्री पुऱ्या होईपर्यंत वर्गमित्रांच्या नोंदी पाहू नका. नंतर सर्वांच्या नोंदींची सरासरी काढून आलेख तयार करा.